बाराशे वसंतांची नोंदवही

दिवाळी हा शरदातला सण. भाताची मळणी, हवेतला गारवा आणि दारातला आकाशकंदील अशा दिवसांत वसंताविषयी लिहिणे काहीसे अवेळी वाटेल. पण वसंताचा विचार करायला वसंतात सवड असते कोणाला? माघ-फाल्गुनात परीक्षांची धांदल, चैत्रात गावोगावच्या यात्रा, वैशाखात लग्नसराई. मान वर करून पाहावे तोवर पळसाची फुले मातीला मिळालेली असतात आणि आंब्याच्या मोहराच्या जागी वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरलेल्या असतात. ग्रीष्म ठाण मांडून बसतो, पाऊस चार महिने मुक्काम करतो. ज्याला आपण ऋतुराज म्हणतो तो मात्र घाईतल्या पाहुण्यासारखा उंबऱ्यावरूनच परततो.

ही हुरहुर आपल्या पूर्वजांनाही होती. सातव्या शतकातल्या श्रीहर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेचा पहिला अंक मदनोत्सवाच्या धुंदीने भरलेला आहे. कौशांबीचे नागरिक सुगंधी चूर्ण उधळतात, पिचकाऱ्यांनी एकमेकांना भिजवतात आणि राणी वासवदत्ता अशोकाच्या झाडाखाली मदनाची पूजा करते. तो मदनोत्सव काळाच्या ओघात लोपला. त्याच्या काही खुणा आपल्या शिमग्यात आणि आपल्या कानडी शेजाऱ्यांच्या कामदहनात शोधाव्या लागतात. पण एखाद्या वर्षी तो अशोक नेमका कोणत्या तिथीला फुलला, हे सांगणारा कागद आपल्या हाती नाही. फूल गेले, उत्सव गेला आणि दिवसही गेला.

जपानात मात्र असा कागद आहे. तिथल्या क्योतो नगरीत साकुरा, म्हणजे चेरीची झाडे, कोणत्या वर्षी कोणत्या दिवशी पूर्ण बहरली याच्या नोंदी इसवी सन ८१२ पासून सापडतात. बहर असतो जेमतेम आठवडा-दहा दिवसांचा. त्यातही ऐन भराचे दिवस तीन-चार. एक जोराची सर आली की सगळा खेळ संपला. इतक्या क्षणिक गोष्टीची बाराशे वर्षांची नोंद माणसांनी ठेवावी, हे इतिहासातले एक नवलच म्हटले पाहिजे. या नोंदींच्या मागची कथा म्हणजे एका फुलाच्या निमित्ताने माणसांनी काळाशी मांडलेला संवाद आहे. त्यात रसिकता आहे, अहंकार आहे, क्रौर्यही आहे.

मन एका भाषेत, हिशेब दुसऱ्या भाषेत

आठव्या शतकातला जपान चीनकडे डोळे लावून बसलेला होता. लिपी चिनी, कायदा चिनी धर्तीचा, राजधानीची आखणी चीनच्या चांगआन नगरीबरहुकूम. बौद्ध धर्मही चीन आणि कोरियाच्या वाटेनेच आलेला. साहजिकच वसंताचे मानाचे फूलही चिनी अभिरुचीचेच होते. ते म्हणजे उमे, जर्दाळूच्या कुळातले एक झाड, जे थंडी सरता सरताच फुलते. 'मान्योशू' हा त्या शतकात संकलित झालेला सुमारे साडेचार हजार कवितांचा संग्रह. त्यात उमेवरच्या कविता शंभरावर आहेत, तर साकुरावरच्या चाळिसाच्या आसपास. इसवी सन ७३० मध्ये दाझाइफू येथे ओतोमो नो ताबितो या अधिकाऱ्याने उमेच्या फुलांची मेजवानी दिली आणि जमलेल्यांनी कविता केल्या. त्या कवितांच्या प्रस्तावनेतूनच २०१९ साली सुरू झालेल्या 'रेइवा' या जपानी शकाचे नाव घेतले गेले, इतकी त्या मेजवानीची स्मृती दीर्घ ठरली.

७९४ मध्ये राजधानी हेइआन-क्यो, म्हणजे आजच्या क्योतो येथे आली. ८१२ साली, दुसऱ्या महिन्याच्या बाराव्या दिवशी, सागा या सम्राटाने शिन्सेन-एन या राजोद्यानात पुष्पदर्शनाचा समारंभ केला. आपल्या गणनेने तो १ एप्रिलचा दिवस. फुले पाहण्यासाठी जमायचे, खायचे, प्यायचे आणि कविता करायच्या या जपानी प्रथेला 'हानामी' म्हणतात. साकुराच्या हानामीची पहिली दरबारी नोंद म्हणून याच प्रसंगाकडे बोट दाखवले जाते. सागा स्वतः मात्र चिनी विद्येचा मोठा चाहता आणि चिनी भाषेतला कवी होता.

त्या वेळी आपल्या या दख्खनच्या मुलखावर राष्ट्रकूट गोविंद तिसरा याचे राज्य होते. त्याचा पुत्र अमोघवर्ष याच्या दरबारात पुढे 'कविराजमार्ग' हा उपलब्ध ग्रंथांपैकी सर्वांत जुना कन्नड ग्रंथ सिद्ध झाला. संस्कृतचा दबदबा असताना कन्नड भाषा आपल्या पायावर उभी राहत होती, त्याच शतकात क्योतोमध्येही तसेच काहीसे घडत होते. चिनी लिपीतूनच 'काना' ही सुटसुटीत जपानी अक्षरे तयार झाली. राजवाड्याच्या मुख्य सभागृहापुढचे उमेचे झाड जाऊन त्या जागी साकुरा आले. ९०५ साली सम्राटाच्या आज्ञेने 'कोकिनशू' हा काव्यसंग्रह तयार होऊ लागला. त्यातल्या वसंताच्या दोन भागांत साकुराचेच राज्य आहे. इतके की पुढे कवितेत नुसते 'फूल' म्हटले तरी साकुराच समजावे, असा संकेत रूढ झाला.

या संग्रहाचा एक संपादक कि नो त्सुरायुकी. याने ९३५ च्या सुमारास 'तोसा निक्की' नावाची प्रवासाची रोजनिशी लिहिली ती काना लिपीत, आणि तीही एखाद्या स्त्रीने लिहावी अशा थाटात. कारण असे की, दरबारी पुरुषाने चिनी भाषेत लिहायचे आणि घरच्या बोलीतले लेखन बायकांकडे सोपवायचे अशी तेव्हाची रीत होती. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या विदुषीने 'गेंजी मोनोगातारी' ही अजोड कादंबरी लिहिली ती याच घरच्या भाषेत. तिचे एक प्रकरणच राजवाड्यातल्या साकुरा-उत्सवाचे आहे.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्यांना ही वाटणी चटकन कळेल. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी. लोभ एकीत, अर्ज दुसरीत. जपानी पुरुषांनी चिनी भाषा सोडली नाही. त्यांच्या रोजनिश्या पुढेही कित्येक शतके चिनी वळणाच्या भाषेतच लिहिल्या गेल्या. साकुरा पाहून काय वाटले ते कानातल्या कवितांत आले, आणि साकुरा कोणत्या दिवशी फुलले ते चिनी वळणाच्या रोजनिशीत गेले. या दोहोंपैकी एकच भाषा टिकली असती तर ही कथा अर्धीच उरली असती.

पंचांगावरच्या दोन ओळी

या रोजनिश्या लिहिल्या कशावर जात, हे पाहण्यासारखे आहे. त्या काळी ज्योतिषखात्याकडून तयार झालेले पंचांग गुंडाळीच्या रूपात सरदारांना मिळे. त्यात प्रत्येक दिवसाचे शुभाशुभ लिहिलेले असे आणि दोन दिवसांच्या मध्ये कोरी जागा सोडलेली असे. त्या कोऱ्या जागेत लोक दिवसाची हकिकत लिहीत. आपल्याकडे भिंतीवरच्या 'कालनिर्णय'वर दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहितात, तोच प्रकार. फुजिवारा नो मिचिनागा हा त्या काळचा सर्वांत बलाढ्य सरदार. त्याने दहाव्या शतकाच्या अखेरीपासून १०२१ पर्यंत लिहिलेल्या रोजनिशीचे त्याच्या स्वहस्ताक्षरातले चौदा गुंडाळे आजही जपून ठेवलेले आहेत. २०१३ साली युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. लेखन घाईचे आहे, अक्षरांच्या आणि व्याकरणाच्या चुका भरपूर आहेत. ज्याच्या शब्दावर सम्राट बसत-उठत होते त्याची ही वही कोणा शिक्षकाने तपासली असती तर लाल शाईच जास्त दिसली असती. पण अमुक दिवशी फुलांसाठी मंडळी जमली, अमुक दिवशी बाहेर पडलो, अशा कोरड्या ओळींनीच आज तिचे मोल वाढवले आहे.

मिचिनागानंतरही सरदार, भिक्षू, मंदिरांचे कारभारी अशा नोंदी करीत राहिले. सुरुवातीच्या शतकांत त्या विरळ आहेत, पंधराव्या शतकापासून दाट होत जातात. १४६७ ते १४७७ या दहा वर्षांच्या ओनिन युद्धात क्योतोची राखरांगोळी झाली. तरीही १४७४ पासून सांजोनिशी सानेताका नावाचा दरबारी आपली रोजनिशी लिहू लागला आणि सुमारे साठ वर्षे लिहीत राहिला. शहर जळते, राज्य मोडते, पण झाडे त्यांच्या वेळेला फुलतात आणि कोणीतरी ते टिपून ठेवते.

या तारखा आजच्या तारखांशी जुळवणे सोपे नाही. जपानचे जुने पंचांग आपल्यासारखेच चांद्र-सौर. महिने चंद्राचे, आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी मधूनमधून अधिक मास. त्यामुळे तिसऱ्या महिन्यातली एकच तिथी कधी मार्चअखेरीला तर कधी एप्रिलअखेरीला येई. १८७३ च्या १ जानेवारीपासून जपानने हे पंचांग सरकारी व्यवहारातून काढून टाकले. आपण गुढीपाडवा आणि उगादी अजून तिथीनेच साजरे करतो. म्हणून पाडवा कधी मार्चात तर कधी एप्रिलात का येतो हे आपल्या घरातल्या मुलांना ठाऊक असते. जपानी मुलांना मात्र आजोबांच्या आजोबांचा वसंत समजून घ्यायला कोष्टक लागते.

अनित्याचे शिक्षण

नोंद ही बुद्धीची बाजू झाली. मनाची बाजू घडवली ती बौद्ध विचाराने. सर्व संस्कार अनित्य आहेत ही भगवान बुद्धांची शिकवण. हे 'अनित्य' चीनमार्गे जपानात गेले आणि तिथे त्याचे 'मुजो' झाले. आठवड्याभरात झडणाऱ्या साकुरात या शिकवणीला जणू दृष्टांत सापडला.

साइग्यो हा या विचाराचा सर्वांत मोठा कवी. जन्म १११८ चा. मूळचा राजरक्षक दलातला योद्धा. ऐन तेविशीत त्याने घरदार सोडून संन्यास घेतला आणि उरलेले आयुष्य योशिनोच्या डोंगरांत व दूरदूरच्या वाटांवर घालवले. संसाराची आसक्ती सोडली, पण साकुराची सुटली नाही, याची खंत आणि कौतुक त्याच्या कवितांत एकत्र नांदते. आपल्याला मरण यावे ते वसंतात, फुलांखाली, दुसऱ्या महिन्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास, अशी इच्छा त्याने फार आधी बोलून ठेवली होती. जपानी परंपरेत बुद्धांचे महापरिनिर्वाण याच महिन्याच्या पंधराव्या दिवशी मानतात. ११९० साली साइग्यो वारला तो त्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी. अवघ्या एका दिवसाचा फरक! समकालीनांवर या योगायोगाचा विलक्षण परिणाम झाला. आपल्याकडे मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेने शके १११०, म्हणजे ११८८ चा मानतात. दोन टोकांच्या दोन देशांत एकाच वेळी संसाराच्या नश्वरतेचा विचार लोकभाषेत मांडला जात होता.

सुमारे दीडशे वर्षांनी, १३३० च्या आसपास, केन्को नावाच्या भिक्षूने आपल्या स्फुट लेखांत या रसिकतेची पुढची पायरी दाखवली. त्याचे म्हणणे असे की, ऐन बहरच तेवढा पाहण्याजोगा समजणे हे अडाणीपणाचे. उमलू घातलेली फांदी आणि पाकळ्यांचा सडा पडलेले अंगण, यांतच पाहण्यासारखे अधिक असते. फुलांखाली गर्दी करून आरडाओरडा करणाऱ्या, फांद्या मोडणाऱ्या गावंढळ लोकांवरही त्याने ताशेरे ओढले आहेत. सातशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर वाचताना आपल्याकडच्या सुट्टीतल्या सहलींची आठवण होते. माणूस फारसा बदललेला नाही.

सम्राटांची आणि सामान्यांची फुले

फुलांखाली सत्तेची आरासही झाली. तोयोतोमी हिदेयोशी हा सामान्य घरात जन्मून सगळ्या जपानचा स्वामी झालेला पुरुष. १५९८ च्या वसंतात त्याने क्योतोजवळच्या दाइगो-जी मंदिरात हानामीचा अपूर्व सोहळा केला. त्यासाठी ठिकठिकाणाहून सुमारे सातशे साकुराची झाडे आणवून लावली. पाहुणे सुमारे तेराशे, बहुतेक स्त्रिया. त्यांच्या पोशाखांचा थाट आजही वर्णिला जातो. त्याच वेळी त्याच्या सैन्याने आरंभिलेले कोरियातले विनाशकारी युद्ध सातव्या वर्षात गेले होते. फुले पाहताना हिदेयोशीच्या मनात काय होते कोण जाणे. पाच महिन्यांत, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, तो वारला. दुसरा वसंत त्याला दिसला नाही, आणि पुढच्या सतरा वर्षांत त्याचे घराणेही संपले.

साकुरा खऱ्या अर्थाने लोकांचे झाले ते अठराव्या शतकात. आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने याने १७२० पासून एदो, म्हणजे आजच्या तोक्योच्या सीमेवरील आसुकायामा टेकडीवर साकुराची रोपे लावायला घेतली. आधी २७०, मग आणखी हजारभर. सुमिदा नदीच्या बांधावरही झाडे लावली. फुले पाहायला येणाऱ्यांच्या पायांनी बांधाची माती आपोआप चेपली जावी, असाही त्यात हिशेब होता असे सांगतात. १७३७ मध्ये आसुकायामा सर्वांना खुली झाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही दोन्ही साले ओळखीची वाटतील. १७२० मध्ये पहिल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि १७३७ मध्ये ते दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले. आपण त्या वर्षांच्या सनावळ्या घोड्यांच्या टापांनी लक्षात ठेवतो. त्याच वर्षांत एका शोगुनाने कारागीर, हमाल आणि दुकानदारांना बसायला फुलांची सावली करून दिली, हेही इतिहासात नोंदवण्यासारखेच आहे.

फूल आणि फौज

एकोणिसाव्या शतकात या कथेला वेगळे वळण लागले. एदोजवळच्या सोमेई गावच्या माळ्यांनी साकुराची एक नवी जात विकायला आणली. १९०० साली तिला 'सोमेई-योशिनो' हे नाव मिळाले. या जातीला पाने येण्याआधीच फुले येतात, त्यामुळे सगळे झाड फुलांनीच झाकून जाते. ती बियांपासून तशीच्या तशी उतरत नाही, कलम करूनच वाढवावी लागते. म्हणजे देशभरातली ही झाडे एकाच झाडाच्या प्रती. एका गावातली सगळी एकदम फुलतात आणि एकदम झडतात. साइग्योने पाहिलेला डोंगरी साकुरा असा नव्हता. त्याची फुले कोवळ्या तांबूस पानांबरोबर येत, आणि प्रत्येक झाडाची वेळ आणि छटा थोडीथोडी निराळी असे.

१८६८ नंतरच्या नव्या राजवटीत शाळांच्या आवारांत, सैनिकी छावण्यांत, पाडलेल्या किल्ल्यांच्या जागी ही झपाट्याने वाढणारी जात लागली. आणि फुलाचा अर्थही बदलू लागला. 'एकदम फुलावे, एकदम झडावे' हे सैनिकाचे ब्रीद म्हणून शिकवले जाऊ लागले. हे सगळे प्राचीन जपानी परंपरेच्या नावाने चालले होते. पण ज्या झाडावरून ते सांगितले जात होते ते झाड माणसाच्या एका पिढीइतकेच जुने होते. १९१६ साली रवींद्रनाथ ठाकूर जपानात गेले. जपान्यांच्या सौंदर्यदृष्टीचे त्यांनी मनापासून कौतुक केले आणि त्याच व्याख्यानांत आक्रमक राष्ट्रवादाविषयी सावध केले. सुरुवातीच्या जयजयकारानंतर तिथले स्वागत बरेच थंडावले.

अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा या पंडिताने 'मोनो नो आवारे' हा विचार मांडला होता. वस्तूच्या नश्वरतेने मन हेलावणे हाच साहित्याचा गाभा, असा त्याचा आशय. आपल्या समाधीवर डोंगरी साकुराचे झाड लावावे असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले. जपानी अंतःकरणाची तुलना सकाळच्या उन्हातल्या डोंगरी साकुराशी करणारी त्याची एक कविता प्रसिद्ध आहे. १९४४ च्या ऑक्टोबरात, शत्रूच्या जहाजांवर विमानासकट आदळून मरण्यासाठी ज्या पहिल्या तुकड्या उभारल्या गेल्या, त्यांची चार नावे याच कवितेतून उचलली होती: शिकिशिमा, यामातो, आसाही आणि यामाझाकुरा. ज्या स्फोटक विमानात बसलेला वैमानिक परत येऊच शकत नसे, त्याचे नाव 'ओका', म्हणजे साकुराचेच फूल.

हे वैमानिक कोण होते? त्यांतले कित्येक विद्यापीठांतले विद्यार्थी होते. १९४३ च्या २१ ऑक्टोबरला तोक्योच्या मैदानावर भर पावसात हजारो विद्यार्थ्यांनी खांद्यावर बंदुका घेऊन निरोपाचे संचलन केले आणि वर्ग सोडून ते लढाईवर गेले. जपानी वंशाच्या मानववंशशास्त्रज्ञ एमिको ओनुकी-टिअर्नी यांनी अशा विद्यार्थ्यांच्या रोजनिश्यांचा अभ्यास करून २००२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की ही मुले खूप वाचणारी, जीवनावर प्रेम करणारी होती. मरणाची त्यांना हौस नव्हती. १९४५ च्या एप्रिलमधले एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. चिरान येथील धावपट्टीच्या कडेला मुलींच्या शाळेतल्या विद्यार्थिनी साकुराच्या फुललेल्या फांद्या हलवून एका जाणाऱ्या विमानाला निरोप देत आहेत. ज्याने आयुष्यभर मुलांना शिकवले आहे त्याला हे चित्र फार वेळ पाहवत नाही. फांदी तीच, वसंत तोच. पण 'क्षण जातो आहे, म्हणून डोळे भरून पाहा' असे सांगणारे फूल इथे 'क्षण जातो आहे, म्हणून तूही जा' असे सांगायला लावले गेले. झडणे हा फुलाचा धर्म आहे. विशीतल्या मुलाचा नव्हे. या दोन वाक्यांतला फरक विसरला की सुंदर विचारही हत्यार होतो.

नोंदी बोलू लागल्या

युद्धानंतर साकुरा पुन्हा सहलीचे फूल झाले. जपानच्या हवामान खात्याने १९५०च्या दशकापासून साकुरा उमलण्याच्या सरकारी नोंदी पद्धतशीर सुरू केल्या. ठरावीक झाडावर पाच-सहा फुले उमलली की त्या शहरात साकुरा 'उमलला' असे जाहीर करतात, आणि सुमारे ऐंशी टक्के कळ्या उघडल्या की 'पूर्ण बहर'. जानेवारीत दक्षिणेच्या ओकिनावातून निघालेली ही फुलांची आघाडी मे महिन्यात उत्तरेच्या होक्काइदोला पोहोचते. आपल्याकडे मान्सून केरळात आला की जशी बातमी होते, तशीच तिथे याची. तोक्योचे नमुन्याचे झाड यासुकुनी या युद्धमृतांच्या मंदिराच्या आवारात आहे. इतिहास असा कोपऱ्याकोपऱ्यात उभा असतो.

आणि मग त्या जुन्या रोजनिश्यांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. ओसाकातील विद्यापीठाचे आओनो यासुयुकी यांनी वर्षानुवर्षे जुन्या चोपड्या, दरबारी बखरी आणि मंदिरांची दप्तरे वाचून क्योतोतल्या डोंगरी साकुराच्या पूर्ण बहराच्या तारखा गोळा केल्या. सातशेहून अधिक वर्षांच्या तारखा हाती लागल्या. ऋतूविषयीची ही जगातली सर्वांत दीर्घ नोंदमालिका मानली जाते. त्यामागचे शास्त्र साधे आहे. मार्च महिना उबदार असला की कळ्या लवकर उघडतात, थंड असला की उशिरा. म्हणून बहराची तारीख म्हणजे त्या वर्षीच्या मार्चचा तापमापकच. तापमापकाचा शोध लागण्यापूर्वीची आठशे वर्षे मोजण्याचे साधन या पंचांगावरच्या ओळींनी दिले.

हा तापमापक काय सांगतो? १४०९ साली बहर २७ मार्चला आला होता. बाराशे वर्षांतला तो सर्वांत लवकरचा बहर होता, आणि सहाशे वर्षे तसाच राहिला. २०२१ साली क्योतोत २६ मार्चला पूर्ण बहर आला आणि तो विक्रम मोडला. एखाददुसऱ्या वर्षाचे लवकर फुलणे विशेष नव्हे. १४०९ हे वर्ष तर अपवादच होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर बहराची सरासरी तारीखच एप्रिलच्या मध्यावरून सरकत पहिल्या आठवड्याकडे आली आहे. शहर वाढल्याची ऊब त्यात आहे आणि साऱ्या पृथ्वीच्या तापण्याचीही. साइग्योला फूल झडल्याचे दुःख होते, पण पुढच्या वर्षी ते आपल्या वेळेवर येईल याची खात्रीही होती. आजच्या माणसाच्या वाट्याला ही खात्रीच डळमळण्याचे दुःख आले आहे.

मिचिनागाने किंवा सानेताकाने भावी शास्त्रज्ञांसाठी लिहिले नव्हते. त्यांनी आपला दिवस लिहिला. ज्यांनी फुलांखाली सत्ता मिरवली त्यांची साम्राज्ये गेली. ज्यांनी फुलांचे अर्थ मुलांच्या माथी मारले त्यांचे जयघोष विरले. टिकल्या त्या 'आज फुले पाहिली' अशा साध्या ओळी. क्षण धरून ठेवता येत नाही हे खरे. पण तो आला होता, आणि कोणीतरी त्याच्याकडे नीट पाहिले होते, एवढे मागे ठेवता येते.

जपानची गोडी मराठी घरांत नवी नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'ने तो देश आपल्या ओळखीचा केला, शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, आणि आपल्या ऋतूंकडे डोळसपणे कसे पाहावे हे दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'ने दाखवून दिले. आता एक छोटेसे काम आपल्यालाही करता येईल. येत्या जानेवारीपासून घरातल्या शाळकरी मुलांनी दिनदर्शिकेवर एवढेच लिहावे: परसातल्या आंब्याला मोहर कधी दिसला, वेशीवरचा पळस कधी पेटला, काटेसावरीवर पहिले फूल कधी आले, पहिला कोकीळ कधी ऐकला. आजीने मराठीत सांगावे, शेजारच्या अज्जींनी कानडीत. नातवंडांनी ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहावे. पळस म्हणा की मुत्तुग म्हणा, झाड तेच आहे आणि त्याला सीमा ठाऊक नाही. तारीख मात्र चुकवू नये. दहा वर्षांत ती घराची आठवण होईल, पन्नास वर्षांत गावाचा इतिहास होईल. आणि पाहिल्याशिवाय नोंद करता येत नाही. त्यामुळे निदान नोंदीच्या निमित्ताने तरी येणारा वसंत आपल्या दारावरून न पाहताच निघून जाणार नाही.